वॉटर फ्लॉसर घरी वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातांच्या फटींत पाण्याची बारीक धार सोडणारं हे यंत्र ऑनलाइन खरेदीमुळे आता बऱ्याच घरांत पोचलं आहे. त्याबरोबर आमच्या दवाखान्यात, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नही येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते येतात. ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. ज्यांनी नुकताच दात काढला आहे, ज्यांच्या हृदयाची झडप बदलली आहे किंवा ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांनी यंत्र सुरू करण्याआधी प्रश्न १९, २३ आणि २५ वाचावेत.

१. वॉटर फ्लॉसर म्हणजे नेमकं काय? खळखळून चूळ भरली तर तेच होत नाही का?

एक छोटी टाकी, एक छोटा पंप आणि टोकाला बारीक नोझल, एवढंच हे यंत्र आहे. पंप पाणी सलग सोडत नाही, ठोक्याठोक्याने सोडतो. चांगल्या यंत्रात मिनिटाला साधारण १२०० ते १४०० ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला हिरडीची कड किंचित दबते आणि लगेच सुटते, आणि त्या सुटण्याच्या क्षणी आतली घाण पाण्याबरोबर बाहेर येते. चूळ भरताना पाणी गालात आणि जिभेवर फिरतं. दोन दाढांच्या मधे आणि हिरडीच्या कडेखाली ते जोराने शिरत नाही.

हे यंत्र वाटतं तितकं नवीन नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स इथे एका दंतवैद्याने आणि एका जलअभियंत्याने मिळून ते १९६२ मध्ये बाजारात आणलं. आपल्याकडे ते उशिरा आलं, इतकंच.

२. हे घेतलं तर ब्रश आणि फ्लॉस (दातांच्या फटींत फिरवायचा धागा) बंद केले तर चालेल का?

ब्रश बंद करायचा नाही. दातांवर साठणारा चिकट थर, म्हणजे प्लाक, घासल्याशिवाय निघत नाही. आम्ही कधीकधी दातांना रंग लावून प्लाक दाखवतो. प्लाक असेल तिथे रंग धरतो. असे रंगवलेले दात नुसत्या पाण्याच्या धारेने धुतले तर फटींतले कण निघून जातात, पण दाताच्या सपाट भागावर आणि हिरडीलगत गुलाबी पट्टा बराचसा तसाच राहतो. त्यावर मऊ ब्रश फिरवला की तो जातो. पेशंटच्या हातात आरसा देऊन हे दाखवलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

फ्लॉसचं उत्तर माणसागणिक बदलतं. दात घट्ट चिकटलेले आहेत आणि फ्लॉसची सवय चांगली जमली आहे, तर तो सोडू नका. फ्लॉसचा धागा दाताची बाजू घासतो, पाणी घासत नाही. फटी मोठ्या असतील तर दातांच्या मधे घालायचा छोटा इंटरडेंटल ब्रश या दोघांपेक्षा सरस ठरतो. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये अशा साधनांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पाण्याच्या यंत्राने हिरड्यांची सूज कमी व्हायला मदत होऊ शकते, पण प्लाक कमी झाल्याचा भक्कम पुरावा नाही, असं त्यात दिसलं. शिवाय एकूण पुरावाच फारसा पक्का नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जाहिरातीत यातलं पहिलंच वाक्य वाचायला मिळतं.

३. मग हे नेमकं कुणी घ्यावं?

ज्यांच्या तोंडात फ्लॉस घालता येत नाही किंवा ज्यांच्या हातांना तो जमत नाही, त्यांनी. दातांना तारा लावलेली मुलं-मुली, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला नकली दात) किंवा इम्प्लांट (हाडात रोवलेला नकली दात) बसवलेले लोक, हिरड्यांचे उपचार झाल्यावर ज्यांच्या हिरडीखाली खोल जागा राहिल्या आहेत ते, आणि संधिवात किंवा कंपवातामुळे बोटांनी धागा धरता येत नाही असे ज्येष्ठ. या चार गटांना मी हे यंत्र आग्रहाने सांगतो, कारण त्यांना दुसरा सोपा मार्ग खरंच नसतो.

बाकीच्यांना ते ऐच्छिक आहे. रात्री झोपण्याआधी ब्रश करत नसाल तर आधी ते सुरू करा. वर्ष-दोन वर्षांत दात साफ करून घेतले नसतील तर यंत्राचे पैसे आधी त्यावर खर्च करा. आणि दातांत अडकलेलं मटण किंवा पेरूची बी काढायला माचिसची काडी किंवा सेफ्टी पिन वापरायची सवय असेल, तर ती सोडण्यासाठी यंत्र घेतलंत तरी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. पिनेने जखम झालेल्या हिरड्या आम्ही फार पाहतो.

४. पहिल्यांदा वापरलं आणि सगळं बाथरूम, आरसा, शर्ट ओला झाला. नीट वापरायचं कसं?

पहिल्या आठवड्यात हे सगळ्यांचंच होतं. नोझल आधी तोंडात घाला आणि मग बटण दाबा. बाहेर काढतानाही आधी यंत्र बंद करा. बेसिनवर पुरेसं वाका. ताठ उभं राहिलं की पाणी घशात जातं आणि ठसका लागतो. ओठ सैल मिटा आणि तोंडाच्या कोपऱ्यातून पाणी सतत बेसिनमध्ये ओघळू द्या, साठवू नका.

सुरुवात सगळ्यात मागच्या दाढेपासून करा. नोझल दाताशी काटकोनात, हिरडी जिथे दाताला भेटते त्या कडेवर धरा. कडेकडेने पुढे सरका, आणि प्रत्येक फटीशी दोन-तीन सेकंद थांबा. बाहेरची बाजू झाली की जिभेकडची बाजू. खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू बहुतेक लोक विसरतात, आणि कीटण, म्हणजे कडक झालेला प्लाक, सगळ्यात आधी तिथेच धरतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे उघडतात. वरच्या दातांना एक मिनिट, खालच्यांना एक मिनिट पुरतं. सुरुवातीचे काही दिवस आरशात न बघता जिभेने अंदाज घेत केलं तर उलट सोपं जातं.

५. आधी ब्रश की आधी पाणी?

मी आधी पाणी, मग ब्रश असं सांगतो. फटी मोकळ्या झाल्या की पेस्टमधलं फ्लोराइड तिथे पोचतं, आणि शेवटी ब्रश केल्यामुळे ते दातांवर राहतं. ब्रशनंतर यंत्र वापरलं तर तेच फ्लोराइड धुऊन जातं. दिवसातून एकदा, रात्री, एवढं पुरे. ब्रश मात्र दोनदा.

६. प्रेशर किती ठेवायचं? जास्त जोर म्हणजे जास्त स्वच्छ ना?

नाही. घरगुती यंत्रांचा दाब साधारण १० ते १०० पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतो. पहिला आठवडा सगळ्यात खालच्या पायरीवर काढा, मग एकेक पायरी वाढवा. धार जाणवली पाहिजे, दुखता कामा नये. मधल्या पायरीवर बहुतेकांचं भागतं. हिरडी पांढरी पडत असेल, वापरल्यावर तासभर चुरचुरत असेल, तर दाब जास्त आहे. मऊ रबरी टोकाचं नोझल हिरडीखालच्या खोल जागांसाठी असतं. ते ४५ अंशांत तिरपं आणि कायम कमी दाबावरच वापरायचं, तेही कुठे वापरायचं हे डॉक्टरांनी दाखवल्यावर.

७. वापरायला लागल्यापासून बेसिनमध्ये रक्त दिसतं. बंद करू का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच यंत्र कपाटात ठेवून देतात. निरोगी हिरडीतून मध्यम दाबाच्या पाण्याने रक्त येत नाही. रक्त येतं आहे याचा अर्थ तिथे सूज आधीपासून होती, पाण्याने ती उघड केली. सूज असते प्लाकमुळे. म्हणून रक्त येतं म्हणून तो भाग टाळला, तर प्लाक वाढतो, सूज वाढते आणि पुढच्या वेळी जास्त रक्त येतं.

आरशासमोर उजेडात खालचा ओठ खाली ओढून बघा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी, घट्ट असते, आणि बऱ्याच जणांच्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक ठिपके दिसतात. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांचा रंग मुळातच तपकिरी-काळसर असतो, तो आजार नव्हे. सुजलेली हिरडी लालभडक किंवा जांभळट, गुळगुळीत आणि चकचकीत असते, आणि दोन दातांमधलं तिचं टोक फुगून बोथट झालेलं असतं.

दाब कमी ठेवून, ब्रशसकट, रोज चालू ठेवा. साधी सूज असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त कमी होत जातं. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल, दात हलत असेल, हिरडीतून पू येत असेल किंवा काही न करता आपोआप रक्त येत असेल, तर घरचे उपाय थांबवून तपासणी करून घ्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर प्रश्न २२ पाहा.

८. यामुळे हिरड्या खाली सरकतात आणि दातांतल्या फटी वाढतात, असं शेजारच्या काकू म्हणतात. खरं आहे का?

योग्य दाबाने हिरडी खाली जात नाही. पण काकूंनी जे पाहिलं तेही खोटं नाही. सुजून फुगलेली हिरडी दोन दातांमधली जागा भरून टाकते. सूज उतरली की ती जागा मोकळी दिसते आणि वाटतं, फट नवीन पडली. फट आधीच होती, हिरडीखालचं हाड झिजल्यामुळे पडली होती. सुजेमुळे ती झाकली गेली होती.

९. रोज वापरलं तर कीटण निघेल का? स्केलिंगला, म्हणजे दवाखान्यात कीटण काढून घ्यायला, यायची गरज राहणार नाही ना? स्केलिंगने दात हलतात म्हणतात.

प्लाक दातावर राहिला की लाळेतल्या क्षारांमुळे एक ते तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. एकदा कीटण झालं की घरातलं कुठलंही यंत्र, पावडर किंवा मंजन ते काढू शकत नाही. रोज फटी साफ राहिल्या तर नवीन कीटण हळू धरतं, एवढा फायदा जरूर होतो.

स्केलिंगने दात हलत नाहीत. वर्षानुवर्षं साठलेल्या कीटणाने हाड झिजलेलं असतं आणि दातांना कीटणाचाच आधार उरलेला असतो. तो काढल्यावर दाताची खरी अवस्था कळते. कीटण तसंच ठेवलं तर हाड झिजतच जातं आणि शेवटी दात हातात येतो. दात वाचवायचा तर कीटण निघालंच पाहिजे. तपासताना आम्ही खुणा असलेल्या बोथट सळीने हिरडीखालची खोली मोजतो. १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ किंवा त्याहून जास्त म्हणजे उपचार लागतो. हे माप तुम्हीही विचारून घ्या आणि लिहून ठेवा, पुढच्या खेपेला ताडून बघता येतं.

१०. दात पांढरे होतील का? मिश्रीचे, चहाचे डाग जातील का?

नाही. पाणी अडकलेलं काढतं, डाग काढत नाही. मिश्री, तंबाखू, खर्रा किंवा गुटख्याची सवय असेल तर डागांपेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, तिखट लागल्यावर आग होते, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे, यांपैकी काहीही असेल तर लगेच दाखवा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. ती लावल्याने दात मजबूत होत नाहीत, हे गावाकडच्या मावश्यांना मी दर वेळी सांगतो आणि सांगत राहीन.

११. तोंडाला वास येतो. याने जाईल?

वास फटीत कुजणाऱ्या अन्नाचा किंवा सुजलेल्या हिरडीचा असेल तर बराच कमी होतो. जिभेच्या मागच्या भागावरच्या थराचा असेल तर साधी जिभली जास्त उपयोगी आणि स्वस्त. तोंड कोरडं पडणं, कीड, सायनस ही कारणं यंत्राच्या आवाक्यातली नाहीत.

१२. टाकीत कुठलं पाणी घालायचं? आमच्याकडे बोअरचं आहे.

जे पाणी तुम्ही पिता, तेच. हिरडीला सूज असेल तर तिथली त्वचा नाजूक झालेली असते, आणि अशा जागी गच्चीवरच्या टाकीतलं न गाळलेलं पाणी जोराने सोडणं बरं नाही. फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं पाणी उत्तम. ते कोमट असावं. अगदी गार पाण्याने कळ येते, आणि फार गरम पाण्याने हिरडी भाजते, पंपही खराब होतो. ४० अंशांच्या वर नको.

बोअरचं जड पाणी असेल तर दुसरीही अडचण येते. जिथे नळांच्या तोट्यांवर पांढरे थर चढतात, तिथे तोच थर यंत्राच्या नळीत आणि नोझलमध्ये बसतो आणि काही महिन्यांत धार बारीक होते. उपाय प्रश्न १४ मध्ये आहे.

पाण्याची टंचाई असलेल्या भागांतूनही विचारणा होते. हातातल्या यंत्राची टाकी २००-३०० मिलिलिटरची असते, एका वेळी तेवढंच लागतं.

१३. पाण्यात मीठ, तुरटी, लवंगेचं तेल किंवा माउथवॉश घालू का?

तेल कधीच नाही. ते पाण्यात मिसळत नाही, आतलं रबर आणि प्लास्टिक खराब करतं, आणि लवंगेचं तेल तर हिरडीला भाजतं. तुरटी, खायचा सोडा, मीठ यांचे न विरघळलेले कण पंपात अडकतात. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपत्रकात मीठ आणि आयोडीन यांना स्पष्ट मनाई असते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या वेगळ्या करा, त्या चांगल्याच आहेत. माउथवॉश घालायचा असेल आणि तुमच्या कंपनीने परवानगी दिली असेल तर निम्मं पाणी, निम्मा माउथवॉश, आणि नंतर टाकीभर साधं पाणी सोडून नळी धुवायची. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस. तो लांबवला तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

१४. घरातल्या सगळ्यांना एकच यंत्र चालेल का? आणि आमच्या टाकीत काळं काळं दिसतंय, ते काय?

यंत्र एक चालेल, नोझल प्रत्येकाचं वेगळं. त्यांवर रंगीत कडी असतात, त्या याचसाठी. नोझल तीन ते सहा महिन्यांनी बदला.

काळं दिसतंय ती बुरशी आहे. कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच ही तक्रार येते. वापरून झाल्यावर टाकीत उरलेलं पाणी तसंच ठेवलं की ती धरते. रोज टाकी रिकामी करा, काही सेकंद यंत्र रिकामं चालवून नळीतलं पाणी काढा, टाकी पुसून झाकण उघडं ठेवा. महिन्यातून एकदा, जड पाणी असेल तर थोडं लवकर, अर्धा लिटर कोमट पाण्यात एक-दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून ते यंत्रातून सोडा, नंतर साध्या पाण्याने धुवा. क्षारांचा थरही यानेच सुटतो. टाकीच्या कोपऱ्यांतली बुरशी जुन्या ब्रशने घासावी लागते. घासूनही गेली नाही तर टाकी बदला, ते पाणी हिरडीत जाणार आहे.

१५. टाकीचं मोठं घ्यावं, हातातलं चार्जिंगचं की नळाला जोडायचं?

ब्रिज, इम्प्लांट किंवा तारा असतील आणि बेसिनजवळ जागा व प्लग असेल तर मोठं. त्याची टाकी मध्येच संपत नाही, दाब स्थिर राहतो आणि हातात फक्त हलकी दांडी असते, त्यामुळे ज्येष्ठांनाही ते सोपं. जागा कमी असेल, प्रवास असेल, वीज जात असेल तर चार्जिंगचं. त्यावर आयपीएक्स ७ असं लिहिलेलं बघा, म्हणजे ते पाण्यात पडलं तरी लगेच बिघडत नाही. खरेदीआधी एकच गोष्ट जरूर विचारा: याची सुटी नोझल वर्षभराने मिळतील का? न मिळाल्यास यंत्र चालू असूनही निकामी.

नळाला जोडायचं स्वस्त असतं आणि वीज लागत नाही, पण दाब गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीने साधारण सव्वाचौदा पीएसआय दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी तीन मीटरच वर असेल तर चार-साडेचार. तेवढ्यात धार नुसती ओघळते. शिवाय बहुतेक अशा जोडण्यांत पाणी सलग येतं, प्रश्न १ मध्ये सांगितलेले ठोके नसतात.

१६. मुलाने अमेरिकेहून यंत्र पाठवलं आहे. पिन बदलणारा अडॅप्टर लावून चालेल का?

थेट प्लगवर चालणारं मोठं यंत्र असेल तर नाही. तिकडची वीज ११०-१२० व्होल्टची, आपली २३० ची. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. बटण दाबल्याबरोबर मोटर जळते. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ओल्या बाथरूममध्ये ठेवणं मला पटत नाही. चार्जरवर ‘१००-२४०’ असं छापलेलं असेल किंवा यूएसबीवर चार्ज होणारं असेल तर चिंता नाही. नातेवाइकांना घेण्याआधीच हे कळवा.

१७. मुलांना कितव्या वर्षापासून द्यावं?

साधारण सहा वर्षांनंतर, मोठ्यांच्या देखरेखीखाली, सगळ्यात कमी दाबावर. तारा नसतील तर घाई नको. त्या वयात रात्रीचा ब्रश आई-बाबांनी स्वतः करून देणं जास्त महत्त्वाचं.

१८. ब्रिज, कॅप, इम्प्लांट किंवा तारा असतील तर कॅप निघून येईल का? पद्धत वेगळी आहे का?

नीट चिकटवलेली कॅप पाण्याने निघत नाही. निघाली, तर खालचं सिमेंट आधीच सुटलं होतं. तशी कॅप डबीत ठेवून लवकर या, घरी फेविक्विकने चिकटवू नका. तात्पुरती कॅप असेल तर दाब कमी ठेवा.

ब्रिजमध्ये मधला दात नकली असतो आणि तो हिरडीवर नुसता टेकलेला असतो. त्याच्याखालून फ्लॉस घालायला खास सुई लागते, म्हणून तिथे हे यंत्र सगळ्यात जास्त कामाला येतं. गालाच्या बाजूने त्या टेकलेल्या रेषेवर धार धरा आणि पाणी जिभेच्या बाजूने बाहेर येतंय का ते बघा. पहिल्या दिवशी बेसिनमध्ये करडे, वासाचे तुकडे पडतात. ब्रिजच्या दोन्ही टोकांना आधार देणाऱ्या दातांच्या मुळाशी कीड लागते ती याच घाणीमुळे, आणि तो आधार गेला की सगळा ब्रिज जातो.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड सुजतं. तिथे मध्यम किंवा कमी दाब, मऊ टोक, चारही बाजूंनी. तारांसाठी टोकाला बारीक केस असलेलं नोझल मिळतं. प्रत्येक ब्रॅकेटच्या (तार धरणाऱ्या, दाताला चिकटवलेल्या तुकड्याच्या) वर आणि खाली, तारेच्या मागून धार न्या. पोहे, शेव, कोथिंबीर याने सहज निघतं. ब्रॅकेटभोवतीचे पांढरे डाग मात्र ब्रशनेच टाळता येतात.

१९. परवा दाढ काढली. खड्ड्यात अन्न अडकतंय, पाण्याने काढू का?

नको. खड्ड्यात रक्ताची गुठळी तयार होते आणि तीच जखम भरते. धारेने ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि दोन-चार दिवसांत कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. किमान आठवडाभर त्या बाजूला यंत्र लावायचं नाही. टाके असतील किंवा अक्कलदाढेची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत नाही. पहिल्या २४ तासांनंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच फिरवून सोडून द्या, जोराने थुंकू नका. बाकीच्या दातांना ब्रश चालूच ठेवा. रूट कॅनॉल चालू असेल तर तात्पुरत्या सिमेंटवर थेट धार नको.

२०. अक्कलदाढ अर्धीच आली आहे, तिच्यावरच्या हिरडीत सारखं अन्न जातं.

त्या हिरडीच्या पडद्याखाली कमी दाबाने धार सोडली तर आराम पडतो. पण गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना दुखू लागलं, तर थांबा आणि त्याच दिवशी दाखवा. तिथला संसर्ग घशाकडे पसरू शकतो. वारंवार असं होत असेल तर दाढेचा कायमचा निकाल लावणंच शहाणपणाचं.

२१. एका ठरावीक दाताला पाणी लागलं की जोराची कळ येते.

तिथे कीड, तडा किंवा उघडं पडलेलं मूळ असू शकतं. कोमट पाण्यानेही कळ आली आणि ती मिनिटभर टिकली तर एक्स-रे काढून घ्या. स्केलिंगनंतरचे काही दिवस सगळ्याच दातांना झिणझिण्या येतात, त्या ओसरतात.

२२. मधुमेह आहे, गरोदर आहे, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. चालेल का?

तिघांनाही चालेल, आणि मधुमेहात तर हिरड्या सांभाळणं दुप्पट गरजेचं आहे. वाढलेली साखर हिरड्यांचा आजार वाढवते आणि हिरड्यांचा आजार साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत थोडी सुधारणा दिसते.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या पटकन सुजतात. कमी दाबावर चालू ठेवा. स्केलिंग लागलं तर मधले तीन महिने सोयीचे. उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश नको, साध्या पाण्याने चूळ भरा.

रक्त पातळ करणारी गोळी हिरडीतून रक्त आलं म्हणून स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. दाब सगळ्यात खाली ठेवा, आणि रक्त दहा मिनिटांत थांबत नसेल तर डॉक्टरांना कळवा.

२३. हृदयाची झडप बदलली आहे. पाण्याच्या धारेने जंतू रक्तात जातात म्हणतात.

शंका रास्त आहे. हिरडी सुजलेली असताना ब्रश केला, फ्लॉस केला, अगदी चावलं तरी थोडे जंतू रक्तात जातात, आणि यंत्रानेही जाऊ शकतात. निरोगी माणसाचं शरीर ते लगेच संपवतं. कृत्रिम झडप असलेल्यांना, झडपेचा संसर्ग पूर्वी होऊन गेलेल्यांना आणि जन्मजात हृदयदोषाच्या काही प्रकारांत मात्र ते झडपेवर जाऊन बसण्याचा धोका असतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून, त्यांनी सांगितलेलं प्रतिजैविक घेऊन हिरड्यांचे उपचार पूर्ण करा. हिरड्या शांत झाल्यावर, दोन्ही डॉक्टरांच्या होकाराने, कमी दाबावर यंत्र. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्यांवर परस्पर सुरू करू नका. आणि भीतीने ब्रश सोडू नका, अस्वच्छ तोंडाचा धोका जास्त आहे. कारण न कळता ताप राहिला तर अंगावर काढू नका.

२४. टॉन्सिलमधले पांढरे खडे किंवा कानातला मळ याने काढता येतो का?

कानाला कधीही लावू नका, पडदा फाटू शकतो. नाकालाही नाही. टॉन्सिलसाठी हे यंत्र बनवलेलं नाही. तिथली त्वचा नाजूक असते, रक्त येतं आणि ठसका लागतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, खडे वारंवार होत असतील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

२५. आईला पक्षाघात झाला आहे, ती झोपूनच असते. मी तिच्यासाठी वापरू का?

झोपलेल्या अवस्थेत अजिबात नाही. पक्षाघातानंतर गिळण्याची ताकद अनेकदा कमी झालेली असते आणि ठसकाही लागेलच असं नाही. पाणी गुपचूप श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्याऐवजी डोक्याकडची बाजू उंच करा किंवा त्यांना कुशीवर वळवा, तोंडाच्या कोपऱ्याखाली टॉवेल ठेवा. लहान मुलांचा मऊ ब्रश किंचित ओला करून, पेस्ट मुगाच्या दाण्याएवढीच घेऊन दात घासा. फेस आणि लाळ ओल्या गॉझने पुसून काढा. गाल आणि हिरडी यांच्यामध्ये घास साठून राहतो, विशेषतः ज्या बाजूची शक्ती गेली आहे त्या बाजूला. जेवण झाल्यावर तिथे बोटाला गॉझ गुंडाळून फिरवा. आई दात मिटत असतील तर बोट दातांमध्ये घालू नका, गालाच्या बाजूनेच पुसा. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा.

पुढे आई खुर्चीत बसू लागल्या, कपातलं पाणी ठसका न लागता पिऊ लागल्या आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी होकार दिला, तर मान पुढे झुकवून, सगळ्यात कमी दाबावर, दोन-चार दात करून थांबत थांबत यंत्र वापरता येईल. त्या वेळी दांडी तुमच्या हातात असू द्या आणि बटण त्यांच्या बोटाखाली, म्हणजे नको वाटलं की त्यांना स्वतः थांबवता येईल.